भट्टीचा धूर आणि हाडातलं शिसं

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्टीत भंगार वितळवताना तापमान सोळाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं. त्या भंगारात नुसतं लोखंड नसतं. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात, रंगाचे जुने थर चढलेली फाटकं आणि खिडक्यांचे गज असतात, गाड्यांचे सुटे भाग असतात. आता जस्त उकळतं ९०७ अंशांना आणि कॅडमियम ७६७ अंशांना. लोखंड पातळ होईपर्यंत या दोन्ही धातूंची वाफ होऊन गेलेली असते. शिसं उकळायला १७४९ अंश लागतात, पण त्याआधीही त्याची भरपूर वाफ होते. ही वाफ भट्टीच्या तोंडातून बाहेर पडते, थंड होताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची भुकटी बनते. भट्टीवर धूर ओढून घेणारं झाकण नीट बसलेलं असेल आणि पुढे कापडी पिशव्यांचं गाळणयंत्र चालू असेल, तर बरीचशी भुकटी तिथे अडते. झाकण बाजूला सरकवून ठेवलं असेल, तर ती भट्टीवाल्याच्या छातीत, शर्टावर आणि शेजारच्या वस्तीत जाते.

हे कोणा एका कारखान्याबद्दल नाही. भंगार जिथे वितळतं तिथे हेच घडतं. म्हणूनच भंगारापासून पोलाद करणाऱ्या विद्युत चाप भट्ट्यांची धूळ अमेरिकेत कायद्याने घातक कचरा मानली जाते.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण इथल्या जुन्या बाजारपेठेवरून पडली. आज जालन्याचं नाव बियाणं, मोसंबी आणि सळई या तीन गोष्टींनी घेतलं जातं. भंगार वितळवून सळई करण्यात खनिज वाचतं, कोळसा वाचतो, हजारो घरांच्या चुली चालतात. हे काम बंद पडावं असं कोणीही विचारी माणूस म्हणणार नाही. मात्र केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, चंद्रपूर यांच्याबरोबर जालन्याचंही नाव होतं. तिथे प्रश्न होता तो एकूण धुळीचा. रस्ते, वाहनं, बांधकामं, भट्ट्या, सगळ्यांचीच ती धूळ. २००९च्या राष्ट्रीय मानकांनी शिसं, आर्सेनिक आणि निकेल यांच्याही मर्यादा ठरवून दिल्या आहेत. शिशाची वार्षिक सरासरी घनमीटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असं त्यात म्हटलं आहे. तरीही चर्चा होते ती धूळ किती आहे याची. धुळीत काय आहे, हा प्रश्न भंगार वितळवणाऱ्या शहराने सर्वांआधी विचारायला हवा.

कारण शरीराच्या दृष्टीने सगळी विषं सारखी नसतात. कपाशीवर फवारलं जाणारं ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक घ्या. ते किती भयंकर आहे हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं. फवारणीच्या विषबाधेने तिथे शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. पण माणूस त्या पहिल्या तडाख्यातून वाचला, तर त्याचं यकृत त्या रेणूचे तुकडे करतं, ते पाण्यात विरघळतील असे बनवतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. शरीराचं निर्विषीकरण म्हणतात ते हेच. शिसं, पारा, कॅडमियम यांच्याबाबत ही युक्ती चालत नाही. ती मूलद्रव्यं आहेत. त्यांचे तुकडे करता येत नाहीत, पोटातलं आम्ल त्यांना पचवू शकत नाही. शरीर फार तर त्यांना कशाला तरी बांधतं, हळूहळू बाहेर ढकलतं, आणि जमलं नाही तर कुठेतरी साठवून ठेवतं.

जस्ताचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. मुलामा दिलेल्या पत्र्याचं वेल्डिंग केलं किंवा असं भंगार भट्टीत पडलं की त्याच दिवशी संध्याकाळी कामगाराला थंडी वाजते, अंग मोडून येतं, ताप चढतो, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत सगळं उतरतं. सुट्टीनंतर कामावर परतलं की पुन्हा ताप, म्हणून काही देशांत याला सोमवारचा ताप म्हणतात. कामगार तो फ्लू किंवा मलेरिया समजून गोळी घेतो. मुळात जस्त हे शरीराला लागणारं पोषणद्रव्य आहे, त्यामुळे ते सांभाळायची यंत्रणा शरीराकडे तयार असते. शिशासाठी अशी यंत्रणा नाही. शिसं ताप आणत नाही, खोकला आणत नाही, आणि म्हणून त्याच्याकडे लक्षच जात नाही.

शिशाचा अणू शरीराला कॅल्शियमसारखा भासतो. आतड्यातून तो कॅल्शियमच्या आणि लोहाच्या वाटेने आत शिरतो. रक्तात तांबड्या पेशींना चिकटतो आणि हिमोग्लोबिन बनवणाऱ्या विकराचं काम अडवतो. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात अर्ध्यावर येतं, आणि इथेच फसगत होते. ते सगळं बाहेर गेलेलं नसतं. बरंचसं हाडात गेलेलं असतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे ते दहा-वीस-तीस वर्षं राहतं. हाड म्हणजे शरीराची कणगी. सुबत्तेत भरायची, टंचाईत उघडायची. गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजताना बाळासाठी कॅल्शियम लागतं, तेव्हा ही कणगी उघडते आणि कॅल्शियमबरोबर जुनं शिसंही बाहेर येतं. आईने लहानपणी घेतलेलं शिसं बाळाला मिळतं ते असं. उतारवयात हाडं झिजू लागली की पुन्हा तेच.

लहान मुलांचं नुकसान सर्वांत मोठं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठं माणूस दहा-पंधरा टक्के शोषून घेतं, तर लहान मूल अर्ध्यापर्यंत. शिवाय मूल रांगतं, हात तोंडात घालतं, उंबऱ्यावरची धूळ चाटतं. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकी डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांच्या दातांत शिसं जास्त होतं त्या मुलांचा बुद्ध्यांक चाचणीत कमी आला होता आणि वर्गातलं लक्षही कमी होतं. वरवर आजारी दिसणारं मूल त्यांत एकही नव्हतं. त्यानंतर जगभर झालेल्या कामावरून जागतिक आरोग्य संघटना आज स्पष्ट सांगते की रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, आणि डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळलं तर ते कुठून येतंय हे शोधलंच पाहिजे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगातली सुमारे ८० कोटी मुलं या पातळीच्या वर आहेत. दर तीन मुलांमागे एक. त्यांत सर्वांत मोठी संख्या भारतातल्या मुलांची आहे.

भट्टीवर मूल काम करत नाही, मग त्याच्यापर्यंत शिसं जातं कसं? बापाच्या कपड्यांवरून, केसांवरून, मोटरसायकलच्या सीटवरून. भंगार फोडणाऱ्याच्या, बॅटरी उघडणाऱ्याच्या, गॅस कटरने जुनं रंगवलेलं लोखंड कापणाऱ्याच्या घरात ही धूळ रोज संध्याकाळी येते. तेच कपडे घरच्या बादलीत, सगळ्यांच्या कपड्यांबरोबर भिजतात. कामगाराने कामावरच आंघोळ करून, कपडे बदलून घरी जावं ही व्यवस्था खर्चाची नाही. एक पाण्याची टाकी, साबण आणि कपाट एवढाच मामला आहे. मला विचाराल तर औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या आरोग्य योजनांमध्ये ही पहिली असावी.

घरातही शिशाच्या वाटा आहेत. गावोगावच्या मारुतीला चढवायचा पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच तांबडा ऑक्साइड आहे. देवाला तो चढवावा. लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि तान्ह्या बाळाच्या कपाळाला तो लावू नये. काही सुरम्यांत आणि काजळांत शिशाचं सल्फाइड असतं. घरच्या तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात ते नसतं, बाजारातल्या डबीत काय आहे ते डबीवरून कळत नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई शुद्ध कथलाचीच हवी; स्वस्तात करायची म्हणून कथलात शिसं मिसळलं तर त्या भांड्यातली कढी आणि चिंचेचं सार ते विरघळवून पोटात नेतात. भंगारातलं ॲल्युमिनियम ओतून केलेल्या जाड पातेल्यांचीही हीच भीती. घराला लावायच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, म्हणजे त्याआधीच्या दारं-खिडक्यांचा रंग खरवडताना तोंडावर ओलं फडकं आणि मुलं घराबाहेर, एवढं तरी करावं.

हळदीची गोष्ट मात्र आशा वाटावी अशी आहे. बांगलादेशात हळदीला चकचकीत पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळलं जात होतं. संशोधकांनी २०१९ मध्ये हे उघड केलं, सरकारने बाजारावर छापे घातले, वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितलं. बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, ते प्रमाण २०२१ मध्ये शून्यावर आलं. हळकुंडं पॉलिश करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही कमी झालं. दोन वर्षांत, एकाही औषधाशिवाय. आपल्याला तर हिंगोली-वसमतची हळद हाताच्या अंतरावर आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घेऊन गिरणीत दळून आणणं मराठवाड्यात अजूनही अवघड नाही.

कॅडमियमचं वागणं वेगळं. त्याला बांधून ठेवण्यासाठी यकृत मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन बनवतं. ही शरीराची खरी संरक्षक युक्ती आहे, पण बांधलेलं गाठोडं शेवटी मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि तिथे दहा ते तीस वर्षं राहतं. जपानमधल्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या बायकांची मूत्रपिंडं आणि हाडं खाणीतून आलेल्या कॅडमियमने इतकी खराब झाली की नुसत्या खोकण्यानेही हाड मोडायचं. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, या नावाच्या त्या रोगाला जपान सरकारने १९६८ मध्ये प्रदूषणाचा रोग म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे कॅडमियमची मोठी वाट वेगळीच आहे: तंबाखू. हे रोप जमिनीतलं कॅडमियम पानांत साठवतं. भट्टीवरचा कामगार धुळीच्या हाताने तंबाखू मळून दाढेखाली ठेवतो तेव्हा हातावरचं शिसं आणि पानातलं कॅडमियम, दोन्ही एकदम तोंडात जातात.

पाणी आणि माती यांबाबत जालन्याची बाजू थोडी बरी आहे. इथला खडक बेसाल्टचा आहे. गंगेच्या खोऱ्यात गाळाच्या थरांतून पाण्यात उतरणाऱ्या आर्सेनिकसारखं संकट इथे निसर्गाने लादलेलं नाही. इथली काळी माती चिकण, चुनखडीची आणि अल्कधर्मी. अशी माती शिसं, कॅडमियम घट्ट धरून ठेवते, पिकाच्या मुळांना सहज देत नाही. त्यामुळे भाजीच्या आत असलेल्या धातूपेक्षा पानांवर बसलेली धूळ ही जास्त काळजीची गोष्ट आहे. औद्योगिक वसाहतीलगतची मेथी, पालक, कोथिंबीर दोन-तीन पाण्यांतून चोळून धुतली की बरीच धूळ जाते. पण शहरातून वाहणाऱ्या कुंडलिका आणि सीना या नद्यांच्या पाण्यावर भाजी पिकत असेल, तर त्या पाण्याची तपासणी व्हायलाच हवी. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम अशी आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. पाणी आटलं तर उलट त्यांचं प्रमाण वाढतं.

आता ‘डिटॉक्स’बद्दल. या नावाने आज चूर्णं, रस, पट्ट्या आणि यंत्रं विकली जातात. पाय बुडवून बसायचं एक यंत्र आहे. अर्ध्या तासात पाणी तपकिरी होतं आणि ‘हे तुमच्या शरीरातलं विष’ असं सांगितलं जातं. पाय न बुडवता तेच यंत्र मिठाच्या पाण्यात चालवलं तरी पाणी तपकिरी होतं, कारण तो रंग यंत्रातल्या लोखंडी पट्ट्यांच्या गंजाचा असतो. पोलादाच्या गावात तरी गंज ओळखू यायला हवा.

यापेक्षा गंभीर गोष्ट भस्मांची. रसशास्त्रात नागभस्म शिशापासून आणि रससिंदूर पारा-गंधकापासून बनतं, आणि ते लपवलेलं नाही. ग्रंथांत स्पष्ट लिहिलेलं आहे. रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. आयुर्वेदाबद्दल आदर असलेल्या माणसाने हे आधी ऐकलं पाहिजे. जो माणूस दिवसभर भट्टीवर शिसं श्वासात घेतो, त्याने रक्तशुद्धीच्या नावाखाली घटक न लिहिलेली पुडी घेऊ नये, आणि गरोदर बाईने तर मुळीच नाही.

वैद्यकात शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं खरोखर आहेत. पहिलं औषध दुसऱ्या महायुद्धात ल्युईसाइट या आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये शोधलं गेलं. नंतर कॅल्शियम ईडीटीए आणि सक्सिमर आले. पण ती शिशाबरोबर जस्त-तांब्यासारखी गरजेची द्रव्यंही ओढून नेतात, म्हणून मुलांना ती साधारणपणे रक्तातलं शिसं डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या एका मुलाला ईडीटीएचा चुकीचा प्रकार दिला गेला. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं आणि त्याचं हृदय थांबलं. आणि शिसं येतच राहिलं तर अशा औषधाचा उपयोगही टिकत नाही, कारण हाडांतलं आणि हवेतलं शिसं पुन्हा रक्तात भरतं.

मग शरीराला मदत कशाची होते? ताटाची. आतड्याच्या भिंतीवर लोह आत घेणारं प्रथिन असतं. शरीरात लोह कमी पडलं की आतडं हे प्रथिन वाढवतं, आणि त्याच दारातून शिसं जास्त आत येतं. कॅल्शियमचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के मुलांत आणि ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे शिशासाठी दारं उघडी असलेली शरीरं आपल्याकडे घरोघर आहेत. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची पालेभाजी, शेवग्याचा पाला, तिळाची आणि कारळाची चटणी, ताक, दूध, अंडं, हे इथलंच जेवण लोह आणि कॅल्शियम देतं. जालन्याची भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी जेवणाबरोबर खाल्ली तर तिच्यातलं क जीवनसत्त्व भाकरी-भाजीतलं लोह शोषायला मदत करतं. जेवल्यावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलटं करतो. उपाशीपोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं. म्हणून सकाळच्या पाळीला नुसत्या चहावर जाणं सोडावं, आणि बाकी काम यकृत-मूत्रपिंडांवर सोपवावं. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याने त्यांना पुरेसं पाणी द्यावं, एवढीच त्यांची मागणी आहे.

गुळाचा उल्लेख टाळता येणार नाही. धुळीत काम करणाऱ्यांनी पाळी संपल्यावर गुळाचा खडा खायचा ही देशभरातली रीत आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये ती उंदरांवर तपासली आणि गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून कोळशाचे कण जास्त वेगाने हलल्याचं त्यांना दिसलं. ही रीत निव्वळ समजूत नसावी, असं त्यावरून वाटतं. पण उंदराच्या फुप्फुसातला कोळसा आणि माणसाच्या हाडातलं शिसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूळ जरूर खावा, हात धुऊन. धूर ओढणारं झाकण बाजूला सरकवून ठेवायला मात्र गूळ हे कारण होऊ शकत नाही.

१९४८च्या कारखाने कायद्यापासून शिसेबाधा सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत आहे. कामगारात ती आढळली तर डॉक्टरने कळवणं बंधनकारक ठरवलेलं आहे. पण कळवण्यासाठी आधी ती शोधावी लागते. पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, रक्त कमी, मनगटात जोर नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्याला पेशंटच्या गर्दीत कोणी कामाचं विचारत नाही. तेव्हा तुम्हीच सांगा. भट्टीवर, भंगारात, बॅटरीच्या किंवा वेल्डिंगच्या दुकानात काम करत असाल तर दवाखान्यात तुमचं पहिलं वाक्य तेच असू द्या, आणि रक्तातलं शिसं मोजायची तपासणी मागा. केसांच्या नमुन्यावरून नको, शिसं बांधणारी गोळी देऊन लघवीत मोजलेलं नको; शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी. घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांचीही करून घ्या.